अपरिचित पियानो रचनेची काठिण्यपातळी कशी ठरवावी

पुण्यात पियानो शिकणारी बहुतेक मुले ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षांच्या वाटेने पुढे जातात. आधी इनिशियल, मग पहिली ते आठवी अशी ती चढण आहे, आणि अभ्यासक्रमातील रचनांची पातळी मंडळाने आधीच ठरवून दिलेली असल्यामुळे शिक्षकाला तिथे स्वतःचा निवाडा करावा लागत नाही. तो करावा लागतो यादीबाहेर पाऊल टाकल्यावर. एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर ऐकलेली, विस्मरणात गेलेल्या कुणा संगीतकाराची वॉल्ट्झ घेऊन येते, ‘ही मला जमेल का’ असे विचारते, आणि नव्या शिक्षकाला पान पाहून नेमके काही सांगता येत नाही. पानावर स्वरांची गर्दी कमी दिसली तर तो ‘जमेल’ म्हणतो, जास्त दिसली तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो, आणि दोन्ही उत्तरे चुकण्याचा संभव मोठा असतो.

हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी, स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या प्रौढांसाठी आणि मुलांसाठी रचना शोधून देणाऱ्या पालकांसाठी आहे. मी जी पद्धत वापरते तिचे मूळ तत्त्व एवढेच आहे की रचनेची पातळी तिच्यातील सर्वांत अवघड चार बार (म्हणजे स्वरलेखनात उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे कप्पे) ठरवतात, आणि ते चार बार नेमक्या कोणत्या हाताला अवघड जाणार आहेत हे पाहिल्याशिवाय पातळीचा आकडा पुरा होत नाही.

हे मला एका चुकीतून कळले. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी नऊ वर्षांच्या एका मुलीला एरिक सातीची पहिली जिम्नोपेदी दिली. १८८८ सालची ही रचना संथ आहे, उजव्या हाताला एकेरी सुरावट आहे आणि पान जवळजवळ रिकामे दिसते. दुसऱ्या ग्रेडच्या मुलीला ती सहज जमेल असे मला वाटले. प्रत्यक्षात प्रत्येक बारमध्ये डाव्या हाताला पहिल्या मात्रेवर खालचा खर्ज वाजवून दुसऱ्या मात्रेवर मधल्या सप्तकातील कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर, उडी घ्यायची असते, आणि पेडल नसेल तर हात उचलताच तो खर्ज तुटतो. मुलीचा पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हता. उडी चुकू नये म्हणून ती डोळे डाव्या हातावर खिळवून बसे आणि त्यामुळे उजव्या हाताची सुरावट अडखळत असे. सहा आठवड्यांनी ती रचना आम्ही सोडून दिली. मुलीची त्यात काहीच चूक नव्हती. मी पान नीट वाचलेले नव्हते.

पहिली पायरी : योग्य प्रत मिळवा आणि बारना क्रमांक द्या

अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत सारे मिळते, पण कमी परिचित युरोपीय संगीतकारांचे स्वरलेखन तिथे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. २००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांच्या हजारो स्कॅन प्रती विनामूल्य उपलब्ध आहेत आणि बहुतेकांचे काम तिथेच भागते. तिथून घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे ती मूळ रचना आहे की कुणी केलेले सोपे रूपांतर आहे, कारण एकाच शीर्षकाखाली दोन्ही फिरत असतात आणि त्यांच्यात तीन-चार ग्रेडचे अंतर पडू शकते. दुसरे म्हणजे प्रतीत बोटांचे क्रमांक छापलेले आहेत की नाही. जुन्या प्रतींत ते अनेकदा नसतात, आणि जिथे ते शिक्षकालाच ठरवून द्यावे लागतात तिथे विद्यार्थ्याने एकट्याने घरी सराव करण्याची शक्यता कमी होते. झेरॉक्सच्या दुकानात अशी प्रत ए-फोर कागदावर बारीक होऊन निघते, तेव्हा एका पानाची दोन पाने करून थोडी मोठी छापून घेणे मुलांच्या डोळ्यांना सोयीचे पडते.

हक्काबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर स्वामित्वहक्क राहतो. म्हणून १९४५ साली निधन पावलेल्या बार्तोकच्या मुलांसाठीच्या रचना आपल्याकडे मुक्त आहेत, तर १९८७ साली गेलेल्या काबालेव्स्कीची पुस्तके विकत घ्यावी लागतात.

प्रत हाती आली की पियानोचे झाकण बंद ठेवून, पेन्सिलीने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक लिहावा. पुढचे सगळे टिपण या क्रमांकांच्या आधारे होणार आहे.

दुसरी पायरी : नावावर आणि ओपस क्रमांकावर विसंबू नका

‘सोपे’, ‘मुलांसाठी’, ‘नवशिक्यांसाठी’ ही विशेषणे त्या त्या काळातील विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिलेली असतात. मोझार्टने १७८८ साली लिहिलेल्या सी मेजर सोनाटाची, म्हणजे के. ५४५ची, नोंद स्वतःच्या सूचीत नवशिक्यांसाठीची छोटी सोनाटा अशी केली होती. आज तिचा पहिला भाग स्वच्छ वाजवायचा तर साधारण पाचव्या-सहाव्या ग्रेडची तयारी लागते. शुमानच्या बाबतीत तर दोन जवळची नावे दोन टोकांना नेतात. १८३८ सालच्या ओपस १५मधील (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक) बालदृश्ये ही मोठ्यांनी बालपणाकडे वळून पाहण्यासाठी आहेत, तर १८४८ सालचा ओपस ६८ हा अल्बम खरोखर मुलांच्या हाती देण्यासाठी आहे. त्या अल्बममधील ४३ रचनांचेही शुमानने स्वतःच दोन भाग केले आहेत: पहिल्या अठरा लहानांसाठी आणि एकोणिसावीपासून पुढच्या मोठ्या मुलांसाठी. त्यामुळे ‘ओपस ६८ दुसऱ्या ग्रेडचा आहे’ या विधानाला अर्थ राहत नाही.

ओपसचा आकडा वाढला की काठिण्य वाढते, हाही असाच एक गैरसमज आहे. स्टीफन हेलरच्या एट्यूड्सचे, म्हणजे सरावासाठीच्या रचनांचे, तीन संग्रह शिक्षकांमध्ये वापरात आहेत, आणि त्यांपैकी ओपस ४७ सर्वांत सोपा, ओपस ४६ मधला आणि ओपस ४५ सर्वांत अवघड असा साधारण उलटा क्रम लागतो.

तिसरी पायरी : वेगाचा हिशोब मांडा

हा हिशोब अगदी साधा आहे आणि तो कागदावर करावा. रचनेत सातत्याने येणारा सर्वांत लहान स्वर कोणता आहे ते पाहावे, एका मात्रेत असे किती स्वर बसतात ते मोजावे, त्या संख्येला मेट्रोनोमच्या आकड्याने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांच्या संख्येने, गुणावे आणि साठने भागावे. आलेले उत्तर म्हणजे एका सेकंदात वाजवायचे स्वर. मात्रेचा वेग साठ असेल आणि मात्रेत दोन स्वर असतील तर सेकंदाला दोनच स्वर येतात. वेग शंभर असेल आणि मात्रेत चार स्वर असतील तर सेकंदाला सहा-सात स्वर येतात. बुर्गम्युलरच्या ओपस १००मधील ‘अराबेस्क’ ही रचना पुण्यातल्या बऱ्याच वर्गांत वाजते. तिच्या जुन्या प्रतींवर १५२ हा आकडा छापलेला आहे आणि मात्रेत चार स्वर आहेत, म्हणजे सेकंदाला दहा स्वर. तिसऱ्या ग्रेडच्या मुलाकडून कुणी या वेगाची अपेक्षा करत नाही, आणि शंभरच्या आसपासही ती रचना जिवंत वाटते. म्हणून छापील आकडा ही आज्ञा मानू नये. ज्या वेगाच्या खाली रचनेचा जीवच जाईल असा सर्वांत कमी वेग आधी स्वतः ठरवावा आणि हिशोब त्या वेगाने करावा.

सेकंदाला सहा स्वर ही अडचण सगळीकडे सारखी नसते. तेच सहा स्वर स्केलमध्ये एकापाठोपाठ आले तर सरावलेला हात ते सहज घेतो. मोडलेल्या कॉर्डमध्ये, म्हणजे कॉर्डचे स्वर सुटे सुटे करून, आले तर मनगट फिरवावे लागते. आणि दोन-दोन स्वर एकत्र, म्हणजे तिसऱ्यांच्या (मधली एक पट्टी सोडून येणाऱ्या स्वरांच्या) जोड्यांत, जोडून वाजवायचे असतील तर पातळी एकदम दोन पायऱ्या वर जाते. आकड्याच्या शेजारी स्केल, मोडलेली कॉर्ड किंवा जोडस्वर असा एक शब्द लिहून ठेवला की आकड्याला अर्थ येतो.

चौथी पायरी : डावा हात काय करतो ते पाहा

माझ्या मते निवाड्याचा निम्मा भाग इथेच होतो, म्हणून या पायरीवर घाई करू नये. उजव्या हाताचा भाग कागदाने झाकून फक्त डावा हात वाचावा. लांब धरून ठेवलेले स्वर किंवा कॉर्ड असतील तर काम सोपे आहे. एकाच जागी बसून मोडलेली कॉर्ड चालत असेल, म्हणजे खालचा-वरचा-मधला-वरचा असा क्रम असेल, तर ते दमवणारे पण सवयीने जमणारे असते. वॉल्ट्झमध्ये असतो तसा खर्ज आणि दोन कॉर्ड असा ठेका असेल, तर खर्जापासून कॉर्डपर्यंतची उडी किती पट्ट्यांची आहे हे मोजावे, कारण एका ऑक्टेव्हच्या (सप्तकाच्या) आतली उडी आणि दीड ऑक्टेव्हची उडी यांत मोठा फरक आहे. डाव्या हाताला स्वतःची सुरावट असेल आणि ती उजव्या हाताच्या सुरावटीच्या मध्येच सुरू होऊन वेगळ्या ठिकाणी संपत असेल, तर स्वर कितीही कमी असले तरी ती रचना वरच्या पातळीची समजावी. ‘अराबेस्क’मध्येही मुलांची गाडी अडते ती मधल्या भागात, जिथे उजव्या हाताने आतापर्यंत वाजवलेली चार स्वरांची धावती आकृती डाव्या हाताकडे जाते.

आपल्याकडे याला एक स्थानिक बाजू आहे आणि परदेशी पुस्तकांत तिचा उल्लेख सापडत नाही. पुण्यातील अनेक घरांत पेटी असते. आजोबांची किंवा आईची पेटी वाजवत मोठे झालेले मूल पियानोकडे येते तेव्हा त्याचा उजवा हात चपळ असतो, कान तयार असतो, ऐकलेली चाल ते लगेच बोटांत उतरवते. परंतु डाव्या हाताने आजवर भाता हलवलेला असतो. अशा मुलाचे दोन हात दोन वेगवेगळ्या ग्रेडमध्ये असतात, आणि ही गोष्ट पालकांना पटवून द्यावी लागते, कारण उजव्या हाताची सफाई पाहून ते मोठ्या रचनांची अपेक्षा धरतात. शिवाय पेटीच्या पट्ट्या हलक्या असतात आणि भात्याच्या दाबाने आवाज कमी-जास्त होतो. पियानोवर तेच काम बोटाच्या वजनाने करायचे असते. पेटीवरून आलेल्या विद्यार्थ्यासाठी रचना निवडताना मी डाव्या हाताच्या ग्रेडवरून निर्णय घेते आणि उजव्या हाताची भूक कानाने बसवलेल्या चालींवर भागवते. तबला शिकलेल्या मुलांची गोष्ट बरोबर उलट आहे. एका हाताला दोन आणि त्याच वेळात दुसऱ्या हाताला तीन स्वर आले की इतर मुले आठवडाभर गोंधळतात, पण ज्याने दीडपट, म्हणजे दोन मात्रांत तीन बोल, हातावर धरून म्हटली आहे त्याला ती वाटणी चटकन कळते आणि फक्त बोटांचा प्रश्न उरतो.

डावा हात वाचून झाल्यावर तोच कागद डाव्या हातावर ठेवून उजवा हात वाचावा. तिथे एकाच गोष्टीवर विशेष नजर ठेवावी: एक स्वर धरून ठेवून त्याच हाताच्या दुसऱ्या बोटांनी हालचाल करायची आहे का. असे बार दिसले की त्यांच्यावर खूण करावी.

पाचवी पायरी : हाताचा आवाका मोजा

पियानोची एक पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते, म्हणजे ऑक्टेव्हच्या दोन टोकांच्या पट्ट्यांच्या मध्यांमधले अंतर जवळपास साडेसोळा सेंटिमीटर होते. मुलाला पट्ट्यांवर हात पसरायला सांगून आरामात कुठवर पोहोचतो आणि ताणून कुठवर पोहोचतो, हे दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवावे. वाढत्या वयात हे मोजमाप सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे. मग रचनेतील सर्वांत रुंद कॉर्ड शोधावी. शोपँच्या ओपस २८मधील ए मेजर प्रेल्यूड फक्त सोळा बारची आहे आणि पहिल्या अकरा बारपर्यंत मुलाला ती आपलीशी वाटते, पण बाराव्या बारमध्ये उजव्या हाताला अशी रुंद कॉर्ड येते की लहान हाताने तिचे तुकडे करूनच ती वाजवावी लागते. अशी एखादीच कॉर्ड असेल तर स्वर खालून वर सुटे वाजवून निभावता येते. ताण देणारे ऑक्टेव्ह मात्र सलग आठ-दहा बार येत असतील, तर हात दुखावण्याचा धोका आहे आणि ती रचना बाजूला ठेवणेच योग्य आहे.

याच वेळी घरातील वाद्याचाही विचार करावा. बऱ्याच मुलांकडे ८८ पट्ट्यांच्या पियानोऐवजी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. त्याची नेहमीची मर्यादा मधल्या सीच्या खाली दोन ऑक्टेव्ह आणि वर तीन ऑक्टेव्ह इतकी असते. म्हणून खालच्या ओळींच्या आणखी खाली दोन जादा रेघांपेक्षा अधिक उतरलेला स्वर दिसला, तर तो घरी वाजवायला पट्टीच नाही हे ध्यानात घ्यावे. पट्ट्यांना वजन नसणे आणि पेडल नसणे या दोन्ही गोष्टी त्याहून गंभीर आहेत. ज्या रचनेचा अर्धा परिणाम पेडलवर अवलंबून आहे ती अशा घरात बसवता येत नाही, मग तिचे स्वर पहिल्या ग्रेडचे का असेनात.

सहावी पायरी : वाचायला अवघड आणि वाजवायला अवघड यांत गल्लत करू नका

पानाच्या सुरुवातीला पाच शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवण्याच्या खुणा) दिसले की पालक घाबरतात. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना बी मेजर स्केलपासून सुरुवात करायला लावत असे, कारण त्या स्केलमध्ये लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा पांढऱ्या पट्टीवर असा हात नैसर्गिकपणे बसतो. कागदावर मात्र तेच स्केल सर्वांत किचकट दिसते. पुष्कळ शार्प किंवा फ्लॅट, मध्येच येणारी चिन्हे, ओळींबाहेरच्या जादा रेघा, एकाएकी बदलणारी क्लेफ (ओळींवरील स्वर ठरवणारे चिन्ह) या वाचनातील अडचणी आहेत आणि त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपतात. उड्या, जोडस्वर, दोन हातांचे स्वातंत्र्य या हाताच्या अडचणी शेवटपर्यंत साथ करतात. मी त्यांच्यासाठी दोन वेगळे आकडे लिहिते. ज्याचे साइट रीडिंग, म्हणजे नवे पान पाहताच वाजवणे, कच्चे आहे पण हात तयार आहे त्याला वाचायला जड अशी रचना देण्यास हरकत नसते. शिक्षकाला फक्त पहिल्या महिन्यात जास्त वेळ द्यावा लागतो.

तिसरी अडचण कानाची आहे आणि ती पानावर जवळजवळ दिसतच नाही. शुमानच्या ओपस ६८मध्ये २१, २६ आणि ३० या क्रमांकांच्या रचनांना नाव नाही. नावाच्या जागी तीन तारे आहेत. त्यांतील एकविसावी सी मेजरमधली संथ रचना घ्या. वेगाच्या हिशोबात ती अगदी खाली येते, उड्या नाहीत, की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची जागा) कोरी आहे. तरीही वरचा स्वर गात राहावा आणि त्याच हातातले आतले स्वर मागे राहावेत, हे ज्याला साधत नाही त्याच्या हातून ती नुसत्या कॉर्डची रांग होऊन बसते. अशा रचनांना मी पानावर दिसते त्यापेक्षा एक ग्रेड वर धरते, आणि ज्या मुलाला स्वतःच्या आवाजाकडे कान देण्याची सवय आहे त्यालाच त्या देते.

सातवी पायरी : ओळखीच्या रचनांच्या शिडीशी ताडून पाहा

आतापर्यंतच्या टिपणांवरून आकडा काढायचा तर मोजपट्टी लागते. आपण स्वतः शिकवलेल्या आणि हाताला पक्क्या माहीत असलेल्या पाच-सहा रचना ओळीने मांडाव्यात. माझी शिडी अशी आहे: दुसऱ्या ग्रेडच्या आसपास जी मेजरमधला तो मिन्युएट, जो पुष्कळ काळ बाखचा समजला गेला पण क्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे, तिसऱ्या-चौथ्याच्या दरम्यान क्लेमेंटीच्या ओपस ३६मधील पहिल्या सोनाटिनाचा पहिला भाग, पाचव्याजवळ बेथोव्हेनची संपूर्ण ‘फ्युर एलिझे’, पाचव्या-सहाव्यात वर सांगितलेला मोझार्ट, आणि सातव्याच्या आसपास शोपँचे ई फ्लॅट मेजरमधील नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २. मंडळ आणि वर्ष बदलले की हे आकडे एखाद्या ग्रेडने वर-खाली होतात, पण शिडीचा क्रम सहसा बदलत नाही. नवी रचना डाव्या हाताच्या बाबतीत कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसते, वेगाच्या बाबतीत कुठे, आवाक्याच्या बाबतीत कुठे, असे वेगवेगळे विचारावे आणि सर्वांत वरचे उत्तर धरावे. तीन उत्तरांची सरासरी काढण्याचा मोह आवरावा, कारण विद्यार्थ्याला सरासरी वाजवायची नसते.

छापील आधारही घ्यावेत. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाने आपल्या यादीतील पियानो रचनांना १ ते ९ असे आकडे दिले आहेत. रोल्फ केनेन या पियानोवादकाने ते ठरवले आहेत, आणि १ ते ३ सोपे, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ अवघड असा त्यांचा अर्थ आहे. टोरोंटोच्या रॉयल कॉन्झर्वेटरीच्या पातळ्या तयारीच्या टप्प्यांनंतर १ ते १० अशा जातात. ग्रेड परीक्षा, हेन्ले आणि टोरोंटो या तीन मोजपट्ट्यांतील ‘पाच’ हा आकडा एकच नाही, म्हणून आकड्याआधी मोजपट्टीचे नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी. आपली रचना कुठल्याच यादीत नसेल तर तिची शेजारीण शोधावी. सामुइल मायकापारच्या ओपस २८ ‘बिर्युल्की’मध्ये २६ छोट्या रचना आहेत, सेसिल शामिनादने मुलांसाठी ओपस १२३ आणि १२६ असे दोन अल्बम लिहिले; अशा संग्रहातील एखादी रचना कुठल्यातरी जुन्या अभ्यासक्रमात आलेली असते, आणि तिच्याशी ताडून पाहिले की बाकीच्यांचा अंदाज बराच नेमका येतो.

आठवी पायरी : चार बार आठवडाभर विद्यार्थ्याच्या हाती द्या

कागदावरचा अंदाज कितीही काळजीपूर्वक केला तरी अखेरचा शब्द हाताचा असतो. ही पायरी एका उदाहरणाने सांगते. मागच्या वर्षी कोथरूडहून येणाऱ्या तेरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने दोन पानांची वॉल्ट्झ आणली. तिची चौथी ग्रेड झालेली होती आणि त्याआधी चार वर्षे ती पेटी शिकली होती. रचना ए मायनरमध्ये, चौसष्ट बारची. पहिल्या बत्तीस बारमध्ये उजव्या हाताला एकेरी सुरावट आणि डाव्या हाताला ऑक्टेव्हच्या आतला वॉल्ट्झचा ठेका, म्हणजे सरळ तिसरी ग्रेड. एफ मेजरमध्ये गेल्यावर मात्र एक्केचाळिसाव्या ते चव्वेचाळिसाव्या बारमध्ये उजव्या हाताच्या करंगळीने वरचा स्वर धरून ठेवायचा, पहिल्या तीन बोटांनी आतली सुरावट चालवायची, आणि त्याच वेळी डाव्या हाताने खर्जापासून दीड ऑक्टेव्ह वर उडी घ्यायची होती. माझ्या टिपणात या चार बारसमोर ‘ट्रिनिटी पाच’ असे लिहिले गेले.

मी तिला फक्त त्या चार बारची प्रत काढून दिली, बाकीचे पान दिलेच नाही. सुरुवात तीन दिवस एकेका हाताने, मग दोन्ही हात, मेट्रोनोम साठवर. रचनेचा खरा वेग त्याच्या दुपटीहून थोडा जास्त होता. या चाचणीचा माझा नियम असा आहे की आठवड्याच्या शेवटी अर्ध्या वेगाने ते चार बार न थांबता तीनदा आले तर रचना द्यावी, अडखळत आले तर आणखी एक आठवडा द्यावा, आणि दुसऱ्या आठवड्यानंतरही हात थांबत असतील तर ती सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावी. पुढच्या शनिवारी तिने उजवा हात उत्तम वाजवला. डावा हात मात्र चारपैकी दोन उड्यांत शेजारच्या पट्टीवर पडला, आणि प्रत्येक वेळी ती खाली पाहत होती. मी तिला डोळे मिटून फक्त खर्ज आणि कॉर्ड, खर्ज आणि कॉर्ड, असे रोज पाच मिनिटे करायला सांगितले. दुसऱ्या शनिवारी उड्या बसल्या, तेव्हा पूर्ण प्रत दिली आणि तयारीसाठी तीन महिने धरले. सहामाही परीक्षा आणि गणपतीचे दहा दिवस मध्ये येत होते, म्हणून त्यात आणखी तीन आठवडे जोडले. आपल्याकडे हा हिशोब सोडला तर कार्यक्रमाच्या तारखेला रचना नेहमी अर्धवट राहते.

नववी पायरी : नोंद ठेवा आणि ती दुरुस्त करा

प्रत्येक रचनेसाठी वहीत एक पान ठेवावे: रचनेचे नाव आणि आवृत्ती, हाताचा आकडा, वाचनाचा आकडा, सर्वांत अवघड बारचे क्रमांक, सर्वांत रुंद कॉर्ड, पेडल हवे की नको, आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्षात किती आठवडे घेतले. शेवटचा रकाना रचना वाजवून झाल्यावर भरायचा असतो, आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी तोच सर्वांत उपयोगी पडतो.

त्या वॉल्ट्झच्या पानावर मी आधी ‘ट्रिनिटी पाच, अडथळा बार ४१ ते ४४’ असे लिहिले होते. डिसेंबरमध्ये घरगुती कार्यक्रमात तिने ते चार बार निर्धास्त वाजवले आणि अडली ती एकोणपन्नासाव्या बारला, जिथे पहिलीच सुरावट परत येते पण डाव्या हाताचा खर्ज पहिल्यापेक्षा वेगळा आहे. वाचून वाजवताना तिथे कधीच चूक झाली नव्हती. पाठ वाजवताना हात जुन्या वाटेने गेला. आता त्या पानावर ‘पाठ वाजवायची असल्यास बार १ आणि ४९ शेजारी ठेवून शिकवावे, दोन आठवडे जास्त’ अशी ओळ जोडलेली आहे.